आनंदीबाईंचे टपाल

डॉ. आनंदीबाई जोशींवर लिहायला बसणारे बहुतेक जण फिलाडेल्फियाच्या पदवीदानापासून सुरुवात करतात. मी उभी हयात टपालखात्यात काढली, म्हणून माझी सुरुवात पोस्टापासून. कल्याणची नऊ वर्षांची यमुना १८७४ साली लग्न होऊन ज्या घरात गेली, ते घर पोस्टातल्या कारकुनाचे होते. तिचे शिक्षण, तिची अमेरिका, नवऱ्याशी झालेले तिचे खरे बोलणे, हे सगळे पत्रांतून घडले. त्यांच्या चरित्राचा हा धागा कोणी मनासारखा उलगडलेला नाही, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे.

बाकीचे सर्वांना ठाऊकच आहे, तेव्हा भराभर सांगतो. जन्म ३१ मार्च १८६५, पुण्याला आजोळी. माहेर कल्याणचे जोशी. नवरा गोपाळराव मूळचे संगमनेरचे, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवू दिले पाहिजे, या अटीवर त्यांनी लग्न केले आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. बाईमाणसाला तपासायला बाई डॉक्टर नाही, हे दुःख आनंदीबाईंच्या मनात कायमचे रुतले ते तेव्हापासून.

आता पोस्टाकडे येतो. १८५४ च्या कायद्याने अर्ध्या आण्याच्या तिकिटावर हलके पत्र देशात कुठेही जाऊ लागले. त्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, १८७६ मध्ये हिंदुस्थान जागतिक टपाल संघात सामील झाला आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड निघाले. गोपाळरावांची नोकरी नेमकी याच काळातली. साता समुद्रापलीकडे कागद पोचतो, हे त्यांना रोज हाताखालून जाणाऱ्या टपालामुळे पक्के माहीत होते. सामान्य गृहस्थाला अमेरिका म्हणजे गोष्टीतला देश. त्यांना तो पाकिटावर लिहिण्याजोगा पत्ता वाटला. त्यांच्या धाडसाचे मूळ मला इथे दिसते.

बदली होऊन ते कोल्हापूरला आले. तिथून १८७८ मध्ये त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले: बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, मलाही तिथे काही काम मिळेल का? वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच होते आणि आता प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ चालवत होते. ख्रिस्ती व्हा, हाच त्यांच्या उत्तराचा रोख होता. गोपाळराव त्याला तयार नव्हते. वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला.

प्रकरण तिथेच मिटायचे. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी तो अंक होता. त्यांनी तो चाळला, पत्रव्यवहार वाचला आणि घरी येऊन त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले.

इथे थोडा आडवळणाने जातो. नोकरीत असताना तपासणीसाठी मला अधूनमधून सातपुड्यातल्या तोरणमाळला जावे लागे. शहाद्याहून निघालेली टपालाची थैली सातपायरीचा घाट चढून वर जायची आणि पावसाळ्यात दरड कोसळली की खालीच अडकून पडायची. तलाव, गोरखनाथाचे देऊळ, महाशिवरात्रीची यात्रा हे पाहुण्यांना दिसते. पाड्यापाड्यांवरचे टपाल पायी वाटावे लागते, ते त्यांना दिसत नाही. एकदा मी तिथे असताना एका पावरा मुलीच्या नावाने रजिस्टर आले. नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचे पत्र होते. डाकपालांनी ते पावरीतून समजावून सांगितले. वडिलांनी पुन्हा एकदा वाचायला लावले, खालच्या सहीवर बोट ठेवले आणि विचारले, “ही बाई माझ्या पोरीला ओळखते का?” नाही म्हटल्यावर ते कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. ओळखदेख नसलेले माणूस आपल्या पोरीचे नाव लिहून काही पाठवते, याचे त्यांना केवढे अप्रूप वाटले! कार्पेंटरबाईंचे पहिले पत्र हाती पडले तेव्हा जोशांच्या बिऱ्हाडातही असेच झाले असले पाहिजे, असे मला त्या दिवसापासून वाटते.

पुढची तीन वर्षे पत्रे चालू राहिली. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर पत्ते बदलत गेले: मुंबई, भूज, कलकत्ता, सेरामपूर. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या. सेरामपूरला डोकेदुखी, ताप आणि धाप यांनी त्या बेजार झाल्या, तर मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली. गुण आला नाही, पण माया पोचली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आपण अमेरिकेला का जातो, हे आनंदीबाईंनी भर सभेत सांगितले: हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होत्या. आनंदीबाईंचे वय अठरा!

फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजातल्या दिवसांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाची थंडी त्याला दाद देत नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीचे लुगडे नेसायला घेतले. आणि राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धुराची होती: पेटवावी तर धूर, विझवावी तर गारठा. पुढे ज्या क्षयाने त्यांना नेले, त्याचा विचार करताना ही खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे टपाल. गोपाळराव मागे राहिले होते. त्यांच्या पत्रांत संशय असे, टोमणे असत. त्याला उत्तर देताना आनंदीबाईंनी अमेरिकेहून जे लिहिले, ते मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, सगळे एकेक वर्षाचे नाव घेऊन मांडले आहे. तुमचे वागणे चांगले की वाईट, याचा निवाडाही त्यांनी केला: हेतू पाहिला तर योग्य, पण लहान मुलीच्या मनावरचा परिणाम पाहिला तर अन्यायच. समोर बसून हे बोलण्याची कोल्हापुरात किंवा कल्याणात सोय नव्हती. मध्ये एवढा समुद्र पसरला, तेव्हाच त्या घरात बायकोला बोलता आले. ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने हे नाते घरोघरी पोचवले, तिचे ऋण मी मानतो. पण हे पत्र वाचल्यावाचून ते नाते कळले, असे कोणी म्हणू नये.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. गोपाळराव तोवर तिकडे पोचले होते आणि पंडिता रमाबाईही समारंभाला हजर होत्या. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा प्रबंधाचा विषय होता. मग कोल्हापूर संस्थानातून नेमणुकीचे पत्र आले: अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचा स्त्रियांचा विभाग सांभाळायचा. ज्या गावातून आठ वर्षांपूर्वी पहिले पत्र निघाले, त्याच गावाने बोलावणे धाडले. पण ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या खंगलेल्या शरीरानेच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, मावशींच्या घरच्या माणसांशेजारी, ती पुरली आहे आणि वर नावाचा दगड आहे. त्याच वर्षी रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ फिलाडेल्फियात निघाले, ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले होते. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिले आणि मराठीत काशीबाई कानिटकरांनी. दोघींनीही पत्रांचाच आधार घेतला.

यातला काही ऐवज आज घरबसल्या पाहता येतो. प्रवेशासाठी जून १८८३ मध्ये रोसेलहून कॉलेजचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांना आनंदीबाईंनी केलेला अर्ज आणि तो प्रबंध फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने जपले आहेत. इंटरनेटवर त्यांच्या हस्ताक्षरासह तो अर्ज उघडतो. माझ्या देशभगिनींना औषधपाणी हवे आहे आणि पुरुषाकडून ते घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, हे त्या अर्जात त्यांनी आपल्या पात्रतेच्या बाजूने ठामपणे मांडले आहे. घरात कॉलेजच्या वयाची मुलगी असेल, तर तिच्याबरोबर बसून तो अर्ज जरूर वाचा.