भोंगा थांबला, चाळ गेली. आता शेजार आपणच बांधायचा!

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात! चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले असेल तर त्यात नवल नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही ओळखीच्या एका आजींचे नवे घर पाहायला गेलो. त्यांचे यजमान गिरणीत होते. आजींनी स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला, घरातला संडास दाखवला, खिडकीतून दिसणारा समुद्र दाखवला. चहा झाला. मग हळूच म्हणाल्या, "घर झ्याक आहे बाळा. पण शेजारी कोण राहतं ते अजून कळलं नाही. दार बंदच असतं."

आजींच्या या एका वाक्याने आम्हांला विचार करायला लावले. गिरणी आपल्याला काय देऊन गेली, चाळीने काय दिले आणि या उंच इमारतीत आपण काय घेऊन चाललो आहोत? वाचकहो, हा केवळ वरळीकरांचा प्रश्न नाही. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, परळ, लालबाग, जिथे जिथे जुनी चाळ पडून नवी इमारत उभी राहत आहे, तिथल्या प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे.

गिरणीने चाळ घडवली

मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली. पुढे ताडदेवपासून शिवडीपर्यंत धुराडी उभी राहिली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. त्यांना राहायला जागा कुठे? जो तो मिळेल त्या कोंदट खोलीत घुसला. १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधल्या त्या बी.आय.टी. चाळी. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याने बांधल्या त्या बी.डी.डी. चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती. प्रत्येक इमारतीत ८० खोल्या. मजल्याच्या मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या आणि सार्वजनिक संडास.

ही रचना माणसाच्या सुखासाठी नव्हती, हे स्पष्ट बोलले पाहिजे. पाळीवर वेळेत पोहोचणारा कामगार हाताशी असावा, एवढाच तिचा हिशेब होता. वरळीच्या या इमारती इतक्या तुरुंगासारख्या होत्या की १९३० च्या सत्याग्रहाच्या वेळी सरकारने त्यांचा खरोखरच तुरुंग केला!

पण माणसांनी त्या तुरुंगाला घर केले. बोळात मुले अभ्यासाला बसली, मैदानात सभा भरल्या, तळमजल्यावर वाचनालये निघाली, विहारे उभी राहिली. गावाकडून आलेला पाहुणा एका खोलीत दहावा म्हणून सामावला. बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन परळच्या अशाच चाळीत गेले. घर झोपलेले असताना रामजीबाबा त्यांना रात्री दोन वाजता उठवत आणि दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. पुढे जगभरची विद्या मिळवून आलेले बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत वर्षानुवर्षे राहिले. त्यानंतर दादरला त्यांनी राजगृह बांधले, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून.

धोट्याला जात होती, चाळीलाही होती

तरीही 'जुने ते सोने' म्हणून चाळीची आरती ओवाळायला आम्ही तयार नाही. गिरणीत आपल्या माणसांना साचेखात्यात, म्हणजे विणकामात, शिरकाव नव्हता. का? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा दुसरा विणकर कसा धरणार? म्हणून जास्त पगाराचे खाते आपल्याला बंद. आपल्या वाट्याला कमी पगाराची खाती. यंत्र विलायतेहून आले, पण त्यावर जात मात्र इथलीच बसली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. सर्व कामगार एक, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की मग हे दार बंद का?

चाळीतही तेच. अमुक इमारती आपल्या, तमुक इमारती त्यांच्या, हे न सांगता ठरलेले होते. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा शेजारच्या इमारतीवरून दगड आले. एकाच भोंग्यावर उठणारी, एकाच रस्त्याने गिरणीत जाणारी माणसे होती ती! म्हणजे गिरणीने माणसे एकत्र आणली, पण त्यांना एक केले नाही. ते काम विटा-सिमेंटने होत नसते.

धुराडी पडली, जमीन कोणाची?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो फसला आणि एकेक गिरणी बंद पडू लागली. पाठीमागे राहिली सुमारे ६०० एकर जमीन, तीही मुंबईच्या ऐन मध्यावर.

१९९१ च्या नियमावलीत तरतूद अशी होती की गिरणीची जमीन विकसित होईल तेव्हा तिचे साधारण तीन वाटे व्हावेत. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला. तीन वाटे करायचे ते फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीचे, इमारतीखालच्या जमिनीचे नव्हे! गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. एका शब्दाच्या फरकाने शहराच्या आणि कामगाराच्या वाट्याची जमीन केवढी आटली, ते पाहा. आम्ही कारकून माणसे. कागदावरचा एक शब्द काय करू शकतो, हे आम्हांला रोज दिसते. म्हणूनच आमचे सांगणे असते की सही करण्याआधी वाचा.

त्या जमिनीवर मॉल आले, कचेऱ्या आल्या, काचेचे मनोरे आले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे होती ६,९२५.

पण याच जमिनीवर दुसरेही एक उदाहरण आहे. चैत्यभूमीजवळची इंदू मिल. बाबासाहेबांच्या स्मारकासाठी ती जागा मिळावी म्हणून आंबेडकरी जनतेने लढा दिला. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते मिलच्या आवारात शिरून बसले. वर्षभरात, डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्र सरकारने जागा देण्याचे जाहीर केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. जागा सुमारे साडेबारा एकर. स्मारकाच्या कामाला फार विलंब झाला, हे खरे. पण ज्या गिरणीधंद्यात आपल्या माणसाला धोट्याला तोंड लावू दिले जात नव्हते, त्याच धंद्याची जमीन लोकांनी मागितली आणि मिळवली. मागणारा संघटित असेल तर जमिनीचा उपयोग बदलतो, हा त्यातला धडा.

सोडतीने दिलेला शेजारी

आता पुन्हा आजींच्या बंद दाराकडे येऊ. नव्या इमारतीत कोणाला कोणते घर हे संगणकाच्या सोडतीने ठरले. या सोडतीला जात कळत नाही. शंभर वर्षांत जे झाले नाही ते एका सोडतीने केले. आपल्या इमारती आणि त्यांच्या इमारती ही वाटणी मोडली. आमच्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. पण आजींच्या म्हणण्यातही तथ्य आहे. जुनी वाटणी मोडली तशी जुनी सोबतही मोडली. पूर्वी भिंत जातीची होती. आता ती बंद दाराची होऊ नये.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट हिशेबाची. चाळीचे भाडे नाममात्र होते. उंच इमारतीला लिफ्ट, पंप, आग विझवण्याची यंत्रणा यांचा खर्च असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चावर दरवर्षी किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड धरावा लागतो. हा पैसा सुरुवातीपासून जमला नाही तर काही वर्षांनी लिफ्ट बंद पडेल, गुडघे दुखणारी आजी वरच अडकेल आणि "विकून टाका, विरार-बदलापूरला जा" म्हणणारा दलाल दारात उभा राहील. घर मिळवणे एक आणि टिकवणे दुसरे!

दुसरी गोष्ट माताभगिनींची. चाळीत नळावर, बोळात त्यांचे बोलणे व्हायचे. सुखदुःख कळायचे, कोणाच्या घरात मारहाण झाली तर चार जणी धावायच्या. बंद दारामागे ते ऐकू येणार नाही. संस्थेच्या कमिटीत बायकांनी केवळ नावापुरते बसू नये, चिटणीस व्हावे, खजिनदार व्हावे. घर पतिपत्नी दोघांच्या नावावर असावे.

तिसरी गोष्ट मुलांची. प्रत्येक इमारतीत एक अभ्यासिका मागून घ्या. घरात जागा झाली म्हणून तिची गरज संपली, असे नाही. एकाला येणारे गणित दुसऱ्याला समजावे, यासाठी ती हवी.

चौथी आणि शेवटची. विहारातली वंदना, १४ एप्रिल, वाचनालय हे सारे आपण जपूच. पण त्या दिवशी समोरच्या दाराची घंटा वाजवून खिरीची वाटी द्यायला विसरू नका. आडनाव विचारून नव्हे, शेजारी म्हणून. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता ठेवली. पहिल्या दोन्ही कायद्याने मागता येतात. तिसरी मात्र आपल्यालाच सुरू करावी लागते.

निघताना आम्ही आजींना म्हटले, "आजी, दार ठोठावून तर बघा." पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. समोरच्या घरात त्यांच्याच वयाची एक बाई राहते, तिचेही यजमान गिरणीत होते. एक साचेखात्यात, एक कांडीखात्यात. आता दोघी संध्याकाळी मिळून खाली उतरतात.

दार उघडायला संगणकाची सोडत लागत नाही.