डिस्कची वाटणी

संगणकावर लिनक्स चढवताना एका पडद्यावर बहुतेक जण अडखळतात. डिस्कचे भाग कसे पाडायचे, असे तिथे विचारलेले असते. या भागांना इंग्रजीत पार्टिशन म्हणतात. फाळणी म्हणायला माझी जीभ वळत नाही. आपण वाटणी म्हणू.

युनिक्सच्या घराण्यात सी, डी असे वेगळे ड्राइव्ह दिसत नाहीत. सगळ्या फायली एकाच झाडावर असतात. मुळाला 'रूट' म्हणतात आणि डिस्कचे भाग त्याला फांद्यांसारखे जोडतात. १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या पीडीपी-११ यंत्राची पहिली डिस्क भरली. तेव्हा प्रणालीचे काही प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर, 'यूएसआर'मध्ये गेले. तिथे खरे तर वापरणाऱ्यांच्या फायली असत. पुढे त्या फायली 'होम'मध्ये गेल्या, प्रोग्राम मात्र तिथेच राहिले. भाडेकरूच घरमालक झाले म्हणायचे!

घरच्या संगणकावर मला एकच वाटणी खरी मोलाची वाटते, ती 'होम'ची. माझ्या कविता, तुमचे फोटो, मुलांचा अभ्यास तिथे असतो. प्रणाली बिघडली तर 'रूट' पुसून ती नव्याने चढवता येते. 'होम'ला हात लावावा लागत नाही. २५६ जीबीच्या डिस्कवर 'रूट'ला ४०-५० जीबी द्यावेत, उरलेले बहुतेक 'होम'ला. आजच्या यंत्रांना सुरू होण्यासाठी ईएफआयचा छोटा भाग लागतो. त्याला अर्धा ते एक जीबी पुरे. स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची जागा. ती रॅमच्या दुप्पट असावी, हा नियम रॅम थोडी असे तेव्हाचा. आता स्वॅपची साधी फाइलही चालते. संगणक हायबरनेट करायचा असेल, तर मात्र रॅमएवढी जागा धरावी.

सर्व्हरवर 'व्हार'ही वेगळा काढतात. तिथे प्रणालीच्या नोंदी साठतात. एखादा प्रोग्राम बिघडून रात्रभर नोंदी लिहीत सुटला, तर तेवढीच खोली भरते, अख्खे घर नाही. घरी हा व्याप कशाला? तुकडे फार केले की एका भागात जागा रिकामी पडते आणि दुसऱ्यात काम अडते. मग बांध सरकवणे जोखमीचे.

वाटणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. डिस्कच गेली तर सगळे भाग एकदम जातात. प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच. आणि प्रणाली पुन्हा चढवताना 'होम'च्या ओळीपुढे 'फॉरमॅट'ची खूण नाही ना, हे बटण दाबण्याआधी पाहावे.