दंडावरचं घुबड आणि बांधावरचा पिंगळा

आपल्या भागातल्या जुन्या बायकांचे हात पाहिले तर त्यावर गोंदणाचे सारे जग सापडते. तुळस, कमळ, मोर, विंचू, चांदण्या, राम-सीता, कुणाच्या हातावर भावाचे नाव. दिव्याची काजळी, झाडपाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या सुया एवढ्यावर गोंदणारीण काम करायची आणि पसाभर ज्वारी घेऊन पुढच्या गावाला जायची. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे म्हातारी माणसे सांगतात. विंचवासारखा डंख मारणारा जीवही बायाबापड्यांनी हौसेने हातावर घेतला. घुबड मात्र अशा जुन्या हातांवर मी तरी पाहिलेले नाही. ज्याचा आवाज रात्री ऐकला तरी दाराची कडी लावायची, ते अंगावर कोण काढून घेणार?

आता दिवस बदलले. धाराशिवला कॉलेजात जाणारी, पुण्याला कंपनीत लागलेली पोरं गावाकडे येतात ती दंडावर मोठाल्या डोळ्यांचे घुबड घेऊन. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत नाहीतर तुळजापूरला नवरात्रात गर्दीच्या कडेला मशीन घेऊन बसणारे असतात, शहरात तर काचेची दुकानेच झाली. पोरांना विचारले, बाबा रे, हेच का काढले, तर बहुतेक जण म्हणतात, हुशारीचे चिन्ह आहे. कुणी म्हणतो, रात्री जागून अभ्यास करतो म्हणून. घरातली आजी मात्र बाजूला तोंड करून बसते. पोराने अवदसा ओढवून घेतली, ही तिची खात्री.

हे हुशारीचे प्रकरण ग्रीस देशातून आले. तिथल्या अथीना या विद्येच्या देवीचा पक्षी म्हणजे घुबड. अथेन्सच्या जुन्या चांदीच्या नाण्यावर ते होते आणि आजही ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तेच आहे. गंमत पुढे आहे. आपल्या चिंचेच्या, लिंबाच्या ढोलीत राहणारा, संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून मान हलवणारा जो पिंगळा, त्याचे शास्त्रीय नाव अथीनी ब्रामा. म्हणजे त्या देवीच्या पक्ष्याचा हा सख्खा भाऊबंद. पोरं हजार-दोन हजार मोजून जो दंडावर काढून घेतात, त्याचाच भाऊ आपल्या बांधावर फुकटात राखणीला आहे. बंगालकडे तर घुबडाला लक्ष्मीचे वाहन म्हणून लक्ष्मीसोबत पूजतात.

आपल्याकडेही सगळाच तिटकारा होता असे नाही. भल्या पहाटे कंदील आणि कुडमुडे घेऊन दारात येणारा पिंगळा जोशी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असे तो सांगायचा आणि त्यावर भविष्य बोलायचा. पक्ष्याचे नावच त्या माणसाला मिळाले. अंगावर नाही, पण नावात त्याने घुबड वागवले. दुसरी समजूत दगडाची. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून पाण्यात टाकते, आणि पाण्यात दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा झिजतो. समजूत खुळी खरी, पण तिच्यामुळे कितीतरी घुबडे पोरांच्या गोफणीतून वाचली असतील.

आताची भीती वेगळी आहे. दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजेसाठी आणि गुप्तधनाच्या नादापायी घुबडे पकडली जातात, विकली जातात. ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या २०१० च्या अहवालानुसार देशातल्या ३० जातींच्या घुबडांपैकी १५ जाती बाजारात विकताना आढळल्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे हा गुन्हा आहे. गावात असा कोणी फिरताना दिसला तर पोलीस पाटलांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

जाता जाता गोंदणाबद्दल दोन शब्द, कारण आपल्या जिल्ह्यातली पोरं पहाटे उठून भरतीसाठी धावतात. सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढ्याच जागी कायमचे गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना त्यात सवलत आहे. दंडावरचे घुबड तिथे आडवे येऊ शकते. निमलष्करी दलांत जागेबरोबर आकाराची आणि चित्र कशाचे आहे याचीही अट असते. म्हणून आधी जाहिरात वाचा, मग सुई टोचून घ्या. यात्रेत एकाच सुईने दहा जणांना टोचतात, त्यातून काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका असतो. सुई आपल्यासमोर नवी फोडायला लावावी. आणि गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता मूळ कामाचे. ज्वारी हुरड्यात आली, हरभरा घाट्यावर आला की उंदीर बांधातून बाहेर पडतो. उसात तर त्याला बारमाही घर. त्याची मादी साधारण तीन आठवड्यांत वितीे आणि एका वेळी पाच-सात पिल्ले सहज देते. पडक्या वाड्यात, गढीच्या भिंतीत राहणारे पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड रात्रीत दोन-तीन उंदीर सहज उचलते, पिल्ले असली की जास्तच. त्याला दिसावेच लागत नाही, काळोखात नुसत्या खुसपुसीवर ते झेप घेते. पिंगळा लहान, तो उंदरांच्या पिल्लांबरोबर किडेही खातो. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे लिंबा-बाभळीवर येतात, तेव्हा त्याची चंगळ असते. इस्राएलमध्ये १९८३ पासून शेतकऱ्यांनी शेतात लाकडी पेट्या लावून गव्हाणी घुबडे वस्तीला आणली. पुढे शेजारच्या जॉर्डननेही तेच केले. उंदीर काही सीमा पाहत नाही.

आपण मात्र उलटे करतो. झिंक फॉस्फाईड नाहीतर ब्रोमॅडिओलोनचे आमिष टाकतो आणि मेलेले उंदीर तसेच बांधावर सोडतो. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्त हिंडतो आणि घुबडाला आयताच सापडतो, मग तेही जाते. औषध घालायचेच तर बिळात घाला, बिळे बुजवा, आणि मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा. रब्बीत आपण घाटेअळीसाठी जे पक्षीथांबे लावतो, त्यातले दोन-चार जरा उंच आणि मजबूत ठेवा, वर आडवी काठी बांधा. दिवसा कोतवाल बसेल, रात्री पिंगळा.

हे खोटे वाटत असेल तर गावातल्या जुन्या पडक्या इमारतीत जाऊन पाहावे. घुबड शिकार बहुधा अख्खी गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळी करून बाहेर टाकते. त्या काळसर गोळ्या जमिनीवर पडलेल्या असतात. काडीने फोडल्या की उंदरांच्या कवट्या निघतात, शाळेतली पोरंसुद्धा मोजू शकतात.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. जुनी शाळाखोली, चावडी किंवा वाडा पाडण्याआधी आढ्याला आणि कोनाड्यात पाहून घ्यावे. आत फुसफुस ऐकू आली की साप समजून लोक काठ्या घेऊन धावतात. पुष्कळदा ती गव्हाणी घुबडाची पिल्ले असतात. पिल्ले लहानमोठी असतात, कारण अंडी एकेक दिवसाआड घातली जातात. धाकटे पिल्लू उडेपर्यंत पाडकाम पुढे ढकलावे.