हात जपा, धावही जपा

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत दिलीप गावित ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत धावला आणि सुवर्णपदक जिंकला. भारताचे ते त्या स्पर्धेतले १००वे पदक. सुरगाणा तालुक्यातला (जि. नाशिक) हा आदिवासी तरुण २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्येही अंतिम फेरीत धावला. लहानपणी झाडावरून पडल्यावर त्याने एक हात गमावला होता. धावताना हातच तोल सांभाळतात, हे लक्षात घ्या.

सोलापूरच्या वस्त्यांत आम्ही पाहतो, मूल पडले की आधी हात चोळतात, मग घट्ट पट्टी आवळतात. तसे करू नका. बांगडी-दोरा काढा, हात ओढणीच्या झोळीत ठेवा आणि एक्स-रेसाठी दवाखान्यात न्या. प्लास्टरनंतर बोटे तपासत राहा. दुखणे वाढत गेले, बोटे गार, निळी किंवा बधिर पडली, सरळ करताना मूल किंचाळले, तर सकाळची वाट पाहू नका. रक्तपुरवठा थांबला तर काही तासांत हात निकामी होतो. रात्रीच सिव्हिल गाठा.

आणि ज्या लेकराचा हात गेलाच आहे, त्याला घरात बसवू नका. दिलीप ज्यात धावतो तो टी-४७ गट अशाच खेळाडूंसाठी आहे. त्याला मैदानावर न्या.