नन्नारी : सरबत तंजावरचं, नाव अमेरिकेचं

मे महिन्यात तंजावरला गेलात, तर बृहदीश्वराच्या आवारातला दगड पायाला चटके देतो. अशा उन्हात तमिळनाडूत हमखास आठवतं ते नन्नारी सरबत. तपकिरी पाक, लिंबू, भिजवलेला सब्जा आणि गार पाणी! पाकाच्या बाटलीवर मात्र पुष्कळदा ‘इंडियन सार्सापरिला’ असं लिहिलेलं असतं. हे कुठलं परदेशी मूळ? परदेशी नाहीच. ही आपली उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ.

खरी सार्सापरिला मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली काटेरी वेल, आपल्या घोटवेलीच्या कुळातली. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिची मुळं युरोपात नेली. तेव्हा तिथे फिरंगरोगानं, म्हणजे सिफिलिसनं, थैमान घातलं होतं आणि हे मूळ ‘रक्त शुद्ध करतं’ असा बोलबाला झाला. गंमत म्हणजे आपल्याकडे भावप्रकाशात याच फिरंगरोगावर चोपचिनी सांगितली आहे, आणि तीही याच कुळातली.

मग अमेरिकेतलं नाव नन्नारीला कसं चिकटलं? मद्रास इलाख्यातल्या गोऱ्या डॉक्टरांना ते औषध जहाजानं मागवावं लागे. इथल्या वैद्यांकडे मात्र तशाच कामासाठी एक सुगंधी मूळ हाताशी होतं. व्हाइटलॉ एन्स्ली या लष्करी डॉक्टरानं 1813 साली मद्रासमध्ये छापलेल्या ग्रंथात नन्नारीची नोंद केली. तमिळ वैद्य मूतखडा आणि लघवीच्या जळजळीवर तिचं चूर्ण गाईच्या दुधातून देतात, असं तो सांगतो. 1864 मध्ये ती ब्रिटिश औषधकोशातही गेली.

एन्स्लीच्या त्याच काळात तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले होते (1798 ते 1832). त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छताखाली नांदत होतं. तिथले अनुभवसिद्ध उपचार ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ ग्रंथमालेत पद्यरूपात बांधले गेले. देशी-विदेशी भेद न करता औषध पारखून घ्यायचं, ही मराठी राजाची वृत्ती मला फार आवडते.

पारखलं तर या दोन मुळांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. अमेरिकन मुळाला जवळजवळ वास नसतो. उपळसरी रुईच्या कुळातली. वेल नाजूक, पानावर मधोमध पांढरट पट्टा, खोड मोडलं की चीक येतो आणि मुळाला व्हॅनिलासारखा घमघमाट. चरकानं ‘सारिवा’ दाह शमवणाऱ्या दहा औषधांत घेतली आहे. उन्हाळी लागली की काढा, घामोळ्यांवर लेप, हे घरगुती उपयोग त्याच धाग्यातले.

पण ‘रक्तशुद्धी’ या शब्दावर विसंबून कुणी सिफिलिससारखा आजार अंगावर काढू नये. त्यावर पेनिसिलिनच लागतं, आणि ते वेळेत मिळालं तर आजार बरा होतो. मधुमेह असेल तर हेही लक्षात घ्या, की बाजारच्या पाकात मुळापेक्षा साखरच जास्त असते. काहींत तर नुसता इसेन्स! गरोदरपणी किंवा लहान मुलांना काढा द्यायचा, तर आधी वैद्यांना विचारा.

सुकी मुळं विकत घेताना बारीक, वेडीवाकडी, तपकिरी सालीची बघा. त्याच वासाची जाड, मांसल मुळं दिसली, तर ती बहुधा ‘मागळी’ची. तमिळ घरांत तिचं ताकातलं लोणचं घालतात. पण रानातून बेसुमार उपसा झाल्यानं ती वेल आता दुर्मीळ होत चालली आहे. सरबतासाठी उपळसरीच मागा.