अडकलेलं बिल आणि अठ्ठावीस दिवस

आजचा विषय आहे बांधकामातलं अडकलेलं बिल.

समजा, सेंटरिंगचं काम घेणाऱ्या छोट्या कंत्राटदाराचं बिल मुख्य कंत्राटदाराने अडवलं. मजुरांचा पगार मात्र थांबत नाही. दोन वर्षांनी तो खटला जिंकलाही, तरी तोवर धंदा टिकायला हवा ना? म्हणून काही देशांनी ‘अ‍ॅडज्युडिकेशन’ आणलं. तटस्थ तज्ज्ञाने झटपट निर्णय द्यायचा, पैसे आधी चुकते करायचे आणि पटलं नाही तर नंतर लवादाकडे किंवा कोर्टात जायचं.

नियम मात्र सगळीकडे सारखे नाहीत.

ब्रिटनमध्ये १९९६चा कायदा आहे. तिथे कोणताही पक्ष कधीही नोटीस देऊ शकतो. वाद बिलाचा असो, मुदतवाढीचा असो किंवा कामाच्या दर्जाचा. सात दिवसांत प्रकरण तज्ज्ञाकडे जातं आणि पुढच्या २८ दिवसांत निर्णय येतो. तक्रारदार तयार असेल तर आणखी १४ दिवस मिळतात.

सिंगापूरच्या २००४च्या कायद्यात दार अरुंद आहे. फक्त बिलाचा वाद, आणि तोही पैसे मागणाऱ्यानेच न्यायचा. पण आत शिरलात की नियम कडक. बिलाला लेखी उत्तर देताना जी कारणं सांगितली नाहीत, ती सहसा ऐनवेळी पुढे करता येत नाहीत. निर्णयाचा फेरविचार हवा असेल, तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागते.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. करारात लिहिलं असेल तरच ही सोय मिळते. मोठ्या प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या ‘फिडिक’च्या १९९९च्या करार-नमुन्यात वाद निवारण मंडळाला ८४ दिवस आहेत. निर्णय लगेच पाळायचा असतो. पण समोरच्याने नाराजीची नोटीस देऊन पैसे अडवलेच, तर गाडी शेवटी लवादापाशी येते. तिथे दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं पूर्ण झाल्यावरही कायद्याने १२ महिन्यांची मुदत दिली आहे.

म्हणून नुसते दिवस मोजू नका. तीन गोष्टी तपासा. दार कोण ठोठावू शकतं? ऐनवेळी नवी कारणं चालतात का? आणि निर्णयानंतरही पैसे दिले नाहीत, तर पुढे काय?

वाद निवारणाचं कलम कराराच्या शेवटच्या पानांत असतं. सही करण्याआधी ते पहिल्यांदा वाचा.