उलटी बाजू दाखवा!

आईच्या किंवा मावशीच्या रुखवतातला एखादा दुसुतीचा रुमाल घरात सापडेलच. तो जरा उलटा करून बघा. पुढून झकास मोर, मागे गाठी आणि दोऱ्यांचं जाळं. बहुतेक भरतकाम असंच असतं. पण काही प्रकारांत मागेही तोच मोर दिसतो, रेषेला रेष. शेजारच्या पैठणची पैठणी घेताना आपण पदर उलटा करून बघतो ना, तसं इथंही बघायचं.

यातला आपल्याला जवळचा प्रकार म्हणजे धारवाड-हुबळीकडची कसुती. कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात, ‘सुती’ म्हणजे सूत. इरकली लुगड्यावर, काळ्या चंद्रकळेवर गोपुरं, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, पोपट. आधी कापडावर काही छापायचं नाही, नुसते धागे मोजायचे. गाठ मारायची नाही. यातला ‘गवंती’ टाका म्हणजे जाताना धावदोरा आणि त्याच वाटेने परत येताना रिकाम्या जागा भरायच्या. बस्स.

हाच टाका सोळाव्या शतकात इंग्लंडमध्येही होता. पांढऱ्या कापडावर काळं रेशीम, म्हणून ‘ब्लॅकवर्क’. हान्स होल्बाइन या चित्रकाराने राणी जेन सीमोरच्या बाह्यांवरचं काळं भरतकाम इतकं बारीक रंगवलं, की पुढे टाक्यालाच त्याचं नाव पडलं. भरणाऱ्या हातांचं नाव कुणालाच ठाऊक नाही, असो.

मला जास्त भारी वाटली ती तिथली नमुनापट्टी. छापील नमुने सहज मिळत नसत, तेव्हा अरुंद लांब कापडावर एकाखाली एक नक्षीच्या ओळी भरून गुंडाळी करून ठेवायचे. म्हणजे वहीच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने भरलेला नमुना आहे. त्यावर १५९८ हे साल टाक्यांनीच लिहिलंय.

आपल्या घरांत नमुना या बोटांतून त्या बोटांत गेला. आजीला सुई ओवता येईना झाली की नमुनाही थांबतो. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर फेटिया-कांचळी भरणाऱ्या याडींचंही तेच. त्यांच्या नाती आपल्याच कॉलेजात शेजारी बसतात, विचारा त्यांना.

सुरुवात सोपी आहे. वीतभर रुंद, हातभर लांब मॅटी किंवा दुसुती, बोथट टोकाची सुई आणि काळ्या दोऱ्याची लडी. दोरा सहापदरी असतो, त्यातले दोनच पदर घ्या. पहिली ओळ सरळ: एक चौकट वर, एक खाली, मग परत. परतताना सुई आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने बाहेर काढा, पुढच्याच्या खालच्या अंगाने आत घाला. नाहीतर रेष वाकडी दिसते. दुसरी ओळ किल्ल्याच्या तटासारखी. तिसरी जिन्याच्या पायऱ्यांसारखी, तिला कसुतीत ‘मुर्गी’ म्हणतात.

खरी गंमत चौथ्या ओळीत, फांद्या असलेल्या वेलीत. इथे वाट आधी ठरवावी लागते. फांदी आली की तिच्या टोकाला जाऊन लगेच परत मूळ वाटेवर यायचं, मग पुढे. न ठरवता निघालात तर भलत्याच ठिकाणी अडकता आणि मागे लांब उडी मारावी लागते. एक चौकट चुकली तर दहा टाक्यांनंतर कळतं, तेव्हा उसवायचं. मोबाइल बाजूला राहतो, कारण मोजणी विसरली की संपलं.

भरायला बसलात की पाहुणे विचारणारच, ‘रुखवताची तयारी वाटतं?’ मुलगा असेल तर वेगळंच काहीतरी विचारतील. वही आहे म्हणून सांगा. पाचव्या ओळीपासून आपले नमुने घ्या: तो रुखवतातला मोर, आजीच्या लुगड्याचा काठ, दारापुढच्या रांगोळीचं गोपद्म.

सगळ्यात खाली चार बोटं जागा सोडा. तिथे नाव, गाव आणि साल भरायचंय. आणि जिच्याकडून नमुना घेतला, तिचंही नाव.